मागच्या बाजूचा खड्डा

ताई, चंद्रावरच्या त्या गोलाला विवर म्हणायचं की खड्डा, हे आपलं भांडण अर्धंच राहिलं. पुस्तकात विवर छापलेलं असतं, तेव्हा तूही विवरच लिही, असं मी म्हणत होतो. तू म्हणत होतीस, आपल्या पाड्यावरच्या पोरांसमोर विवर म्हटलं की त्यांना काहीच दिसत नाही, खड्डा म्हटलं की लगेच दिसतो. त्या गुरुवारी सुट्टी होती म्हणून मी तुझ्या वहीतली पानं फोनवर टाइप करत बसलो होतो. तू माझ्या हातातून फोन घेतलास आणि न विचारता सगळीकडचं विवर पुसलंस. मी चिडलो. शुद्ध लिहायचं नसेल तर मला कशाला बसवतेस, असं म्हणालो आणि मोटरसायकल काढून मोखाड्याला निघून आलो. मागं वळून पाहिलं नाही. रविवारी दुपारी तू गेलीस.

आज सतरावा दिवस. लोक अजून येतात. जव्हारहून तुझ्या बरोबरच्या बाई आल्या, केंद्रप्रमुख आले, पोशेऱ्याची माणसं आली. सगळे म्हणतात, यमुनाबाई किती शांत होत्या. मला हसू येतं. तू आणि शांत? लहानपणी माझी पाटी फोडली म्हणून तू मामाच्या पोराच्या हाताला चावली होतीस, दात उठले होते. शाळेत जायला लागलो तेव्हापासून मी तुला ताई म्हणायला लागलो, त्याआधी नुसतं बाय म्हणायचो. तेव्हा तू म्हणालीस, ताई म्हणतोस तर ताईचं ऐकायचंही. मी फारसं ऐकलं नाही. म्हणून हे लिहितोय. तुझ्यासमोर जे बोलता आलं नाही ते सगळं लिहायचं ठरवलंय, आणि ते सोपं नाही.

त्या खड्ड्याचं वेड तुला कधी लागलं ते मला ठाऊक आहे. आपलं यान चंद्रावर उतरलं, त्या संध्याकाळी तू शाळेतली सगळी पोरं घेऊन पाण्याच्या टाकीमागच्या खडकावर चढलीस, कारण सूर्यमाळच्या आपल्या वरच्या पाड्यावर फोनला रेंज फक्त तिथं मिळते. एकोणीस पोरं आणि एक फोन. यान उतरलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग एका मुलीनं तुला विचारलं, बाई, चंद्राच्या मागं काय हाय? तुला सांगता आलं नाही. तू मला फोन केलास. मीही तहसीलमधला कारकून, मला काय कळणार. पण पुढच्या शनिवारी तू मोखाड्याला आलीस आणि माझ्या घरी दिवसभर फोनमध्ये डोकं घालून बसलीस.

चंद्र स्वतःभोवती आणि आपल्याभोवती एकाच वेळात फेरी मारतो, म्हणून त्याची एकच बाजू आपल्याला दिसते, हे तू मला ताटलीभोवती कांदा फिरवून समजावलंस. मागची बाजू कुणी माणसानं इथून कधी पाहिलीच नाही. आपले आजे तरुण होते तेव्हा एका यानानं तिचा पहिला फोटो काढला. तो फोटो तू बोटांनी ताणून मोठा केलास. आपल्या बाजूला निदान ते काळे डाग तरी आहेत, ज्यात आपण ससा बघतो. तिकडे नुसता मार. खड्ड्यात खड्डा, खड्ड्यावर खड्डा. आणि त्यातच तो एक, पांढऱ्या खरबरीत जमिनीत काळ्या तळाचा, मधोमध एक पांढरा डोंगर उभा असलेला. एवढा मोठा की आपला अख्खा जिल्हा, ठाणे आणि वरून नाशिकचा अर्धा भाग त्यात मावेल. त्याला कुण्या रशियन शास्त्रज्ञाचं नाव दिलंय. ते नाव तुलाही म्हणता यायचं नाही आणि मलाही. तू त्याला सरळ काळा खड्डा म्हणायला लागलीस.

तू जव्हारला जाऊन त्या फोटोचा फ्लेक्स काढलास. फ्लेक्सवाल्यानं विचारलं, वाढदिवस कुणाचा, नाव कुठं टाकू? ही गोष्ट तू वर्षभर सगळ्यांना सांगत होतीस. तो फ्लेक्स शाळेच्या भिंतीला लागला, आणि तू पोरांना अंगणात बसवून चुलीतल्या राखेच्या थरावर दगड टाकायला लावलेस. सरळ टाका, तिरपे टाका, लांबून फेका. खड्डा गोलच होतो. मी त्या दिवशी आलो होतो. पोरं राखेनं माखलेली, तू राखेनं माखलेली, आणि गावातल्या बाया हसत होत्या की बाईला चळ लागला. मीही हसलो. जे कधी डोळ्यांनी दिसणार नाही त्याच्यामागं का लागतेस, असं मी म्हणालो. तू म्हणालीस, दिसत नाही म्हणून तिथं काही घडलंच नाही का?

आता दादाचं लिहितो. ते टाळून पुढं जाता येणार नाही.

बा दारू प्यायला की आयला मारायचा, हाताला येईल त्या वस्तूनं. लाटणं, जातं फिरवायचा खुंटा, एकदा कोयता. तू आणि मी वाडीतल्या खोपीत जाऊन लपायचो. लक्ष्मणदादा लपायचा नाही. तो मध्ये पडायचा. कोयता उलटा फेकला होता म्हणून मूठ लागली, पण ती दादाच्या खांद्यावर बसली आणि तो हात वर जायचा कायमचा थांबला. तेव्हा तो सातवीत होता. पुढच्या वर्षी शाळा सोडून भिवंडीला गेला, मग कल्याणला, इमारतींच्या कामावर. त्याच्या मजुरीवर तू डी. एड. झालीस, मी जव्हारला राहून शिकलो. सणाला यायचा तेव्हा अर्धं हिंदी बोलायचा आणि तुझ्या नोकरीची ऑर्डर त्यानं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून आठवडाभर खिशात वागवली, लोकांना दाखवायला. हे सगळं तुला ठाऊक आहे. मी पुन्हा लिहितोय कारण पुढचं लिहायला मला हे आधी लिहून ठेवायला हवं.

गेल्या भादव्यात दादा आणि वनितावहिनी कल्याणहून आले तेव्हा त्यांचा करण तापानं फणफणला होता. दोन वर्षांचं लेकरू. तिकडे साइटवर असताना चार दिवस ताप होता, दादानं मेडिकलमधून गोळी आणून दिली आणि मग त्याला घेऊन तो घरी आला. पाड्यावर आल्यावर तू सांगितलंस, आत्ता उचल आणि मोखाड्याला दवाखान्यात ने. दादा आधी भगताकडे गेला. भगतानं दोन दिवस ठेवून घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दादानं मला फोन केला तेव्हा तो बोलत नव्हता, नुसता घशातून आवाज येत होता. करणला मातीत ठेवायला मीच खड्ड्यात उतरलो. त्याचं अंग अजून गरम होतं, असं मला वाटलं. ते खरं नसेल, पण माझ्या हातांना ते तसंच लक्षात आहे.

दहाव्या दिवशी भगतानं तांदूळ पाहिले आणि सांगितलं, पोराला खाल्लं ते वरल्या अंगाच्या बाईनं, एकटी राहते तिनं, जिचा हात पांढरा आहे तिनं. पाड्यावर कोडाचा हात एकाच बाईचा आहे. सोमीबाय, ओढ्याच्या कडेला कारवीच्या झोपडीत राहणारी विधवा, जिनं तुझी आणि माझी नाळ कापली.

दुपारची वेळ होती. तू शाळेत होतीस. आम्ही दहाव्याला जमलेले वीस-बावीस पुरुष होतो, मोहाची झाली होती, आणि मीही प्यायलो होतो. कुणी आधी उठलं ते मला आठवत नाही. दादा पुढं होता. सोमीबाय डाळ निवडत बसली होती. तिला केसांना धरून बाहेर ओढली. ती ओरडली नाही, तिला काय चाललंय तेच कळलं नाही. तिनं दादाला नावानं हाक मारली. पहिली काठी तिच्या हातावर बसली, त्याच पांढऱ्या हातावर, आणि हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मग सगळ्या काठ्या. तोंडावर बसली तेव्हा दात मातीत पडले. तिला फरफटत शाळेसमोरच्या खळ्यावर आणली, सगळ्या गावासमोर तिनं कबूल करावं म्हणून. ती कबूल करायला तयार होती. ती म्हणत होती, सांगा काय म्हणू, मी म्हणते.

तू वर्गातून धावत आलीस. पायात चप्पल नव्हती, हाताला खडू लागलेला होता. तू काठ्यांमधून घुसलीस, दोन तुझ्याही पाठीवर बसल्या, आणि तू सोमीबायच्या पुढं उभी राहिलीस. लोक मागं सरकले. शाळेतल्या बाईला कोण मारणार? तिथंच सगळं थांबलं असतं, असं मला वाटतं. पण तू दादाकडे पाहिलंस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस,

‘दादा, करण तापानं गेला. तू त्याला वेळेवर नेलं नाहीस म्हणून गेला. हिनं काही केलं नाही.’

ताई, तू हे खरंच बोललीस. पण ते तेव्हा, त्याच्या तोंडावर, वीस माणसांसमोर बोलायला नको होतंस, असं मला आजही वाटतं. नाशिकच्या दवाखान्यात मी तुला हे म्हणालो तेव्हा तू तोंड फिरवलंस. मग कधी बोलायचं होतं, तिचा जीव गेल्यावर, एवढंच विचारलंस. आपण पुन्हा त्यावर बोललो नाही.

दादाचा चेहरा मी पाहिला. बाचा चेहरा तसा व्हायचा. तू तोवर वळली होतीस, खाली वाकून सोमीबायला अंगाखाली घेत होतीस. दादानं बांधावरचा दगड उचलला, दोन्ही हातांनी, आणि पाच पावलांवरून मारला. तो तुझ्या डोक्याच्या मागच्या बाजूला बसला. नारळ फरशीवर आपटावा तसा आवाज झाला. तू सोमीबायवर पडलीस आणि तुझे पाय हलत राहिले.

माणसं पळाली. खळं क्षणात रिकामं झालं. दादा तिथंच उभा होता, हात तसेच पुढं. मी बांधाशी उभा होतो. आणि आता जे मी तुला आठ महिन्यांत सांगू शकलो नाही ते सांगतो. माझ्याही हातात दगड होता. मी करणला मातीत ठेवून आलो होतो आणि मला कुणाला तरी मारायचं होतं. तू आलीस तेव्हा माझी मूठ उघडली नाही. तू पडल्यावर उघडली.

नाशिकला डॉक्टरांनी हाडाचे तुकडे काढले. मेंदूत रक्त साचलं होतं ते काढलं. अकराव्या दिवशी तू डोळे उघडलेस आणि पहिल्यांदा विचारलंस, सोमीबाय आहे का? होती. हात प्लास्टरमध्ये होता, तोंडात चारच दात उरले होते, पण होती. हवालदार दवाखान्यात आले. गुन्हा आधीच दाखल झाला होता, अनोळखी जमावाविरुद्ध. त्यांनी विचारलं, दगड कुणी मारला? तू म्हणालीस, मी पाठमोरी होते, पाहिलं नाही. मग त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, मी मोटरसायकलपाशी होतो. तू माझ्याकडे पाहिलंस. तुला ठाऊक होतं मी कुठं होतो ते. हातात काय होतं ते ठाऊक होतं का, हे मला कधीच कळणार नाही.

हवालदार गेल्यावर आपलं खरं भांडण झालं. मी म्हणालो, तुला ठाऊक आहे कोण ते. तू म्हणालीस, ठाऊक असणं वेगळं आणि पाहिलेलं असणं वेगळं. मी म्हणालो, पोरांना शिकवतेस की न दिसणारंही खरं असतं, आणि इथं असं बोलतेस? तू रडलीस, आणि तू रडलीस म्हणून मी जिंकल्यासारखं मला वाटलं नाही. नंतर तू एवढंच म्हणालीस की वहिनीचं एक लेकरू गेलंय, आता नवराही नेऊ का?

तू पाड्यावर परतलीस. घरी नाही, शाळेच्या खोलीत, आणि सोमीबायला बरोबर ठेवलंस. शिकवणं थांबलं. उजव्या डोळ्याला एकाचे दोन दिसायचे, आठवड्याला एखादा झटका यायचा, गोळ्यांनी जीभ जड झाली होती. तरी मधल्या सुट्टीत पोरं तुझ्याकडे यायची. तुझ्या डोक्यामागं हाड नसलेल्या जागी कातडी आत गेली होती आणि ती हलकी उडायची. पोरं विचारायची, बाई, हात लावू? तू डोकं वाकवायचीस. हा मागच्या बाजूचा आहे, मला कधी दिसणार नाही, तुम्हीच बघून सांगा, असं त्यांना म्हणायचीस. पोरं हसायची. मी एकदा ते पाहिलं आणि बाहेर जाऊन टाकीमागच्या खडकावर बसून राहिलो.

दादा त्या आठ महिन्यांत कामावर गेला नाही. शाळेच्या वाटेनंही जायचा नाही, ओढ्याकडून वळसा घालायचा. पण मार्चपासून विहीर आटली, टँकर खालच्या रस्त्यापर्यंतच यायला लागला, तेव्हापासून रोज सकाळी तुझ्या दारात दोन हंडे भरलेले असायचे. कोण ठेवतं हे तू विचारलं नाहीस. सोमीबायला कळलं होतं. ती त्या पाण्यानं चहा करायची, पण स्वतः प्यायची नाही.

आणि तू लिहीत होतीस. पोरांसाठी छोटं पुस्तक, त्या एका खड्ड्याचं, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला आपली घरातली भाषा. अक्षर वाकडंतिकडं व्हायचं, एका ओळीवर दुसरी चढायची. शनिवारी-रविवारी येऊन मी टाइप करायचो. त्यातलं एक पान मला पाठ झालंय.

‘एक डोंगर आभाळातून आला. बंदुकीच्या गोळीपेक्षा कितीतरी वेगानं आला. तिथं हवा नाही, म्हणून आवाज झाला नाही. जमिनीवर आदळला आणि त्या क्षणी तो उरलाच नाही. दगड वितळले, काही दगडांची वाफ झाली. जमीन पाण्यासारखी उसळली. चारी बाजूंचे कडे तुटून आत कोसळले. मध्ये जमीन वर उठली आणि तशीच उठलेली राहिली, तो आता डोंगर आहे. एवढं सगळं आपली मधली सुट्टी संपायच्या आत झालं. मग खूप खूप काळानं खालून तापलेला रस वर आला, त्यानं तळ भरला आणि तो थंड होऊन काळा झाला. आपल्या सूर्यमाळचा दगड आहे ना, त्याच जातीचा.’

मी म्हणालो होतो, ताई, लहान पोरांना एवढी मारझोड कशाला? तुझी जीभ जड होती, तू सावकाश बोललीस. ‘मारझोड त्यांनी पाहिली आहे. ती झाल्यावर पुढं काय होतं, ते त्यांना कुणी सांगत नाही.’ त्या दिवशी मी पुढं टाइप केलं नाही. मला राग आला होता, तुझा नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात तो विवर-खड्ड्याचा वाद झाला. मी कशावरून चिडलो होतो ते तुला कळलं असेल, अशी मी आशा करतो.

त्या रविवारी दुपारी सोमीबाय आणि तू नागली पाखडत बसल्या होतात. झटका आला तो थांबेना. नेहमी मिनिटभरात थांबायचा. सोमीबायनं ओरडून माणसं गोळा केली, आणि सगळ्यांत आधी दादा धावत आला. वरच्या पाड्यापर्यंत गाडी येत नाही. त्यानं बांबूला चादर बांधून झोळी केली आणि शेजारच्याला घेऊन तुला उतारावरून खाली आणली. ज्या खांद्यावरून त्याचा हात वर जात नाही, त्याच खांद्यावर बांबू होता. मी मोखाड्याहून जीप घेऊन खाली पोचलो तेव्हा तो भर उन्हात धापा टाकत होता, खांदा सोललेला. आम्ही तुला मागच्या सीटवर घेतलं. तुझं अंग आपटत होतं, दात इतके आवळलेले की ओठ तुटून रक्त आलं होतं. दादा जीपमध्ये चढायला लागला. मी त्याच्या छातीत लाथ मारली. तो रस्त्यावर पडला आणि मी ड्रायव्हरला म्हटलं, चल.

घाटाच्या तिसऱ्या वळणावर तुझं अंग थांबलं. झटका थांबला असं वाटून मला बरं वाटलं. किती वेळ मला तसंच वाटत होतं, ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

दादा तेव्हा तुझ्यापाशी नव्हता, हे माझ्यामुळं. त्यानं तुला पाठीवर वागवून वाढवलं, त्यानं तुला खाली उतरवलं, आणि तुझा जीव गेला तेव्हा तो रस्त्यात पडलेला होता. हे बरोबर झालं की चूक, मला अजून कळत नाही. काही दिवस वाटतं बरोबर, काही दिवस तीच लाथ परत परत आठवते.

दुसऱ्या दिवशी तुला नेताना तो खांदा द्यायला पुढं आला. मी त्याला ढकललं. तो परत आला. मग मी चितेसाठी रचलेल्या ढिगातलं एक लाकूड उचललं आणि त्याला मारलं. ताई, मी त्याला बासारखं मारलं. पाठीवर, मांड्यांवर, तोंडावर. सगळा गाव बघत होता, कुणी मध्ये पडलं नाही, सगळ्यांना ठाऊक होतं का ते. दादानं हात वर केला नाही. तो खाली बसला आणि डोकंही झाकलं नाही, जणू त्याला तेच हवं होतं. मी थांबलो नसतो. पण कुणीतरी लाकडाचं दुसरं टोक धरलं. सोमीबाय होती. तिचा तो हात अजून नीट वळत नाही, तिनं ते लाकूड कोपरात अडकवून धरलं होतं.

‘ते लाकूड तिचं हाय,’ ती म्हणाली. ‘ते तिथं ठेव.’

मी ठेवलं. तू त्याच लाकडांवर गेलीस. त्याला दादाचं रक्त लागलेलं होतं.

काल मी पोलीस ठाण्यात गेलो. तहसीलमध्ये काम करून जबाब कसा लिहायचा ते मला ठाऊक आहे, पण स्वतःचा कसा द्यायचा ते ठाऊक नव्हतं. हवालदार तेच होते, नाशिकला आले होते ते. त्यांनी पाणी दिलं. मी म्हणालो, मी मोटरसायकलपाशी नव्हतो, बांधावर होतो, आणि मी पाहिलं. भगताचं सांगितलं. काठ्या कुणाकुणाच्या होत्या ते सांगितलं. दगड लक्ष्मणनं मारला, माझ्या सख्ख्या भावानं, हे सांगितलं. मग म्हणालो, माझ्याही हातात दगड होता, तेही लिहा. ते म्हणाले, तुम्ही मारला नाही, मग कशाला? मी म्हणालो, लिहा. त्यांनी लिहिलं. मी वाचून सही केली.

तुला हे आवडलं नसतं. तू तोंड फिरवलं असतंस, आठवडाभर बोलली नसतीस. पण ताई, तू गप्प राहिलीस ती तुझ्या जखमेपुरती. तो हक्क तुझा होता. सोमीबायच्या दातांवर आणि हातावर तुझा किंवा माझा हक्क नाही, आणि तिला आजवर कुणी काही विचारलेलंही नाही. जायच्या आधी मी तिला विचारलं. तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, ‘सांग. मना पुन्हा कुणी वढायला नको.’

बाहेर आलो तर व्हरांड्यातल्या बाकावर दादा बसला होता. डोळा अजून सुजलेला, डोक्याला रुमाल बांधलेला. कधीपासून बसला होता कुणास ठाऊक. त्यानं विचारलं, माझं नाव घेतलंस का? मी हो म्हणालो. त्यानं मान हलवली. तो सकाळपासून आत जायला बघत होता, पण पाय उचलत नव्हता, असं म्हणाला. वनितावहिनीला सांगून आला होता. मग तो उठला, दाराशी चपला काढल्या, देवळात काढतात तशा, आणि आत गेला.

मी पायऱ्या उतरत होतो. त्यानं आतून हाक मारली, काशी, तू थांब इथं. एवढ्या वर्षांत त्यानं माझ्याकडे कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. मी आत गेलो आणि त्याच्या शेजारी उभा राहिलो. हवालदारांनी नवा कागद घेतला, त्याचं नाव, वय, गाव लिहिलं, आणि म्हणाले, सांग. दादानं घसा साफ केला.

‘यमुना माझी धाकटी बहीण,’ तो म्हणाला. हवालदारांनी ते लिहून घेतलं, आणि तो पुढं बोलत राहिला.